मधल्या बोटाविषयी गावगटांच्या ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गावगट, भाऊबंदांचे गट, समाजगट व शेतकरीगट चालवणारे सर्व ॲडमिन बंधुभगिनी यांस,

विषय : मधले बोट दाखवणाऱ्या इमोजीचा अर्थ गटात उघडपणे सांगण्याबाबत, आणि पाठवणाऱ्याचा उद्देश विचारल्याशिवाय कोणालाही गटातून न काढण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावात राहते. 31 वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आज माझ्या फोनवर गावाचा, भाऊबंदांचा, माहेरचा आणि केळी उत्पादकांचा असे चार गट आहेत, आणि ते चालवणाऱ्या तुम्हा मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. शेतीपंपाची वीज या आठवड्यात दिवसा की रात्री, केळीचा आजचा भाव काय निघाला, नळाला पाणी कधी येणार, कोणाच्या घरी मयत झाली आणि गंधमुक्ती कोणत्या वारी आहे, हे सगळे आता दवंडीने कळत नाही, तुमच्या गटांतून कळते. हे काम तुम्ही बिनपगारी करता आणि रात्री 11 वाजताही कोणाची तरी निकड पुढे पोहोचवता. म्हणूनच एखाद्याला गटातून काढणे ही आता लहान गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी एखाद्या घराला लग्नाच्या आमंत्रणातून वगळले की त्याला जे वजन होते, तेच वजन आज या गोष्टीला आहे.

ज्या घटनेमुळे हे पत्र लिहिते आहे ती 20 नोव्हेंबर 2024 ची, म्हणजे विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीची आहे. माझे एक चुलतसासरे आहेत, वय 74. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्या दिवशी सकाळपासून गावगटावर जो तो शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकत होता. आबांना फोटो काढून पाठवणे जमत नाही, पण चित्रे शोधून पाठवायला त्यांना नातवाने शिकवले आहे. मतदान करून आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी गटावर एक बोट पाठवले, आणि कोणी काही बोलेना म्हणून तेच बोट आणखी तीनदा पाठवले. ते मधले बोट होते. दहा मिनिटांत त्यांना गटातून काढले गेले आणि त्यांच्यामागे गटावर लिहिले गेले की वय झाले तरी अक्कल आली नाही, गटात आयाबहिणी आहेत, भान ठेवा. आबांना हे दिसलेही नाही. फोनचे काहीतरी बिघडले असे समजून ते गप्प राहिले. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातील त्यांच्या जुन्या सोबत्याच्या मयतीची बातमी गटावर आली, ती त्यांना कळली नाही, आणि ते सांत्वनाला दारावर गेले नाहीत. दारावर न जाणे म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

तेव्हा ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "मनी काय चूक व्हयनी, माय?" असे त्यांनी विचारले. मी त्यांच्याच फोनवर ते चित्र शोधले आणि चूक कशी झाली ते मला तिथेच दिसले. हातांची चित्रे एका ओळीत येतात : डावीकडे दाखवणारे बोट, उजवीकडे दाखवणारे बोट, वर दाखवणारे बोट, त्याला अगदी लागून मधले बोट, मग खाली दाखवणारे बोट आणि त्यापुढे समोरून दिसणारी, वर केलेली तर्जनी. म्हणजे साध्या, रोज वापरायच्या तर्जन्यांच्या रांगेत मधोमध ही शिवी उभी आहे. वर दाखवणारे बोट आणि मधले बोट या दोन्हींत हात मागून दिसतो, दोन्हींत एकच बोट ताठ असते, रंग तोच असतो, आणि आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आणि दुसऱ्या डोळ्याचे राहिलेल्या माणसाने त्यांत फरक करावा तरी कसा? मी चष्मा लावून पाहिले तेव्हा मलाही दोनदा पाहावे लागले.

त्यांना अर्थ सांगणे मला फार जड गेले. चुलतसासऱ्यांपुढे सुनेने जे बोलावे त्यात हा अर्थ बसत नाही. "आबा, ही शिवी आहे, बाईमाणसासमोर देत नाहीत अशी," एवढेच मी म्हणाले. ते बराच वेळ फोनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग मी सारा गावले शिवी दिधी?" मी त्यांना अर्धेच सांगितले याची टोचणी मला नंतर लागली, कारण आपण सगळे हे अर्धेच सांगतो, किंवा सांगतच नाही, म्हणून तर ही वेळ त्यांच्यावर आली होती. गटात ज्यांना अर्थ माहीत होता त्यांनी तो संकोचाने सांगितला नाही, आणि ज्यांना माहीत नव्हता त्यांनी विचारला नाही. म्हणून या पत्रात तो पूर्ण लिहिते. वाचताना संकोच वाटला तर क्षमा असावी, पण अर्थ न सांगता नियम करता येत नाही असे शिक्षकी पेशात मी शिकले आहे.

ताठ केलेले मधले बोट म्हणजे पुरुषाचे लिंग आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मिटलेली बोटे म्हणजे वृषण, असा त्या हावभावाचा मूळ अर्थ आहे. ते समोरच्याला दाखवणे म्हणजे त्याला लैंगिक स्वरूपाची शिवी देणे होय, आणि आपल्याकडे आईबहिणीवरून ज्या शिव्या दिल्या जातात त्यांच्याच पंगतीत ती बसते. हा हावभाव आपल्या मातीतला नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकांत त्याचा उल्लेख येतो, आणि रोमन लोक तर मधल्या बोटाला 'निर्लज्ज बोट' असेच म्हणत. अमेरिकेत 1886 साली काढलेल्या बेसबॉल खेळाडूंच्या एका सामूहिक छायाचित्रात एक खेळाडू हे बोट दाखवताना दिसतो. पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या मार्गाने हा हावभाव जगभर गेला, आणि आपल्या शहरांतल्या मुलांनी तो तिथून उचलला. गावातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत मात्र तो थेट फोनमधून आला, आणि येताना त्याचा अर्थ बरोबर आला नाही.

आपल्या भाषेतही बोटांना अर्थ आहेत, पण ते वेगळे आहेत. अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, देतो म्हणून न देणे. त्यामुळे अंगठ्याचे जे चित्र आज सगळे 'ठीक आहे' म्हणून पाठवतात, ते पहिल्यांदा पाहून माझ्या सासूबाई रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता. तर्जनी या नावातच धाक आहे, कारण 'तर्ज्' या संस्कृत धातूचा अर्थ धमकावणे, दरडावणे असा आहे, आणि कोणावर बोट रोखून बोलू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. करंगळी वर झाली की वर्गातल्या मुलाला बाहेर जायचे आहे हे शिक्षकाला न बोलता कळते. या सगळ्यांत मध्यमा आपल्याकडे निष्पाप राहिली. जप करताना माळ मध्यमेवर धरतात, अंगठ्याने मणी ओढतात आणि तर्जनी माळेला लागू देत नाहीत. आबा माळकरी आहेत. ज्या बोटावरून त्यांनी अर्धे आयुष्य मणी सरकवले, त्याच बोटाला दुसऱ्या मुलखात कोणता अर्थ आहे हे त्यांना कोणी आणि केव्हा सांगितले होते?

शिवीला आपल्या गावांत जागाच नव्हती असे मी म्हणत नाही. शिमग्याला तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकली जाते आणि त्या दिवशी कोणी कोणावर रागावत नाही. लग्नात व्याह्याविहिणींची यथेच्छ थट्टा करणारी अहिराणी गाणी बायका आजही म्हणतात, आणि त्यांतले शब्द एरवी कोणी उच्चारणार नाही. पण त्या शिवीला दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते आणि कोणी कोणाला म्हणायचे ते नातेही ठरलेले असते. दोन जिवलग मित्र आपसांत हे मधले बोट रोज पाठवत असतील, तर त्यांच्यापुरता त्याचा अर्थ 'चल, हट' एवढाच उरतो, आणि त्यांच्या त्या मोकळेपणात मला पडायचे नाही. गावाच्या गटाला मात्र शिमग्याचा दिवस नसतो. तिथे एकाच खोलीत आई, सून, मामा, सरपंच, शाळेतली मुलगी आणि आजोबा बसलेले असतात, आणि जे बोट मित्राला दाखवले ते त्याच वेळी या सर्वांना दाखवले जाते.

आता दुसरी घटना सांगते. ती त्यानंतर काही महिन्यांनी, दुसऱ्या एका गटावर घडली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने त्या गटावर लिहिले की यात्रेसाठी जी वर्गणी गोळा झाली तिचा हिशेब कृपया गटावर टाकावा. वाक्य इतके सभ्य होते की मी ते वर्गात अर्जलेखनाचा नमुना म्हणून वाचून दाखवले असते. तिच्या त्या संदेशाखाली एका तरुणाने प्रतिक्रिया म्हणून मधले बोट लावले, आणि पाठोपाठ आणखी दोघांनी तेच लावले. तिच्या आईला ते चित्र दिसले, अर्थ कळला नाही, पण लेक दोन दिवस जेवताना बोलत नाही एवढे कळले. ती फोन पदराखाली झाकून माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, हे काय आहे हो? पोरगी सांगत नाही." त्या माउलीला मी या वेळी पूर्ण अर्थ सांगितला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. गटाच्या ॲडमिनकडे तक्रार गेली तेव्हा उत्तर मिळाले की पोरे आहेत, गंमत केली असेल, ताणू नका. त्या मुलीने त्यानंतर गटावर एक अक्षर लिहिलेले नाही, आणि तो हिशेबही माझ्या माहितीप्रमाणे अजून आलेला नाही.

ॲडमिन बंधुभगिनींनो, या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. ज्याला अर्थ माहीत नव्हता त्याला दहा मिनिटांत शिक्षा झाली, आणि ज्यांना अर्थ पुरता माहीत होता, ज्यांनी तो नेमक्या मुलीवर, नेमक्या प्रश्नानंतर वापरला, त्यांना गंमत म्हणून सोडून देण्यात आले. चित्र एकच होते. आपण चित्राला शिक्षा केली आणि उद्देशाकडे पाहिलेच नाही, हे माझे या पत्रातले मुख्य गाऱ्हाणे आहे.

कायदाही उद्देशच पाहतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या उद्देशाने शब्द उच्चारणे, हावभाव करणे किंवा कृती करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला 3 वर्षांपर्यंतच्या साध्या कारावासाची व दंडाची शिक्षा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम 509 होते. त्या मुलीने पोलिसांत जावे असे मी सुचवत नाही, तो तिचा आणि तिच्या घरच्यांचा निर्णय आहे. पण ज्या गोष्टीला कायदा गुन्हा मानू शकतो तिला आपण गटात गंमत म्हणावे, हे मला मान्य नाही. आणि त्याच कलमातील 'उद्देशाने' हा शब्द आबांसारख्या माणसाच्या बाजूने उभा आहे, हेही विसरू नये.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक भीती असते, ती मी ऐकली आहे. सदस्याने काही वाईट टाकले तर केस ॲडमिनवर होते, म्हणून आधी काढून मोकळे व्हावे, असे तुम्हाला वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यासाठी दोघांचा समान उद्देश असल्याचे दिसावे लागते. तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर ॲडमिनला आता कोणत्याही सदस्याचा संदेश सर्वांच्या फोनवरून पुसता येतो. तो संदेश दाबून धरा, पुसण्याची खूण निवडा, काम झाले. संदेश जातो, माणूस राहतो. ही सोय हाताशी असताना 74 वर्षांच्या माणसाला वेशीबाहेर घालण्याची गरज नव्हती.

चित्राचा अर्थ लावताना माणसाचा आधीचा व्यवहार पाहावा, हे कॅनडातल्या एका न्यायालयाने फार चांगले दाखवून दिले आहे, आणि ते प्रकरण शेतकऱ्याचेच असल्यामुळे इथे सांगते. सस्कॅचेवान प्रांतातील एका शेतकऱ्याला धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला, आणि त्याने उत्तरादाखल फक्त वर केलेला अंगठा पाठवला. माल दिला गेला नाही, भाव चढले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. शेतकऱ्याचे म्हणणे होते की अंगठ्याचा अर्थ 'करार मिळाला' एवढाच होता. न्यायालयाने त्या दोघांचे जुने संदेश पाहिले. याआधीही त्याने असे करार 'ठीक', 'हो' अशा एकदोन शब्दांनी पक्के केले होते आणि माल दिला होता. म्हणून 2023 साली तो अंगठा सही मानला गेला आणि त्याला 82,000 हून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यावी लागली. आपल्याकडेही केळीचे आणि कापसाचे बोलणे फोनवरच्या अंगठ्यावर होऊ लागले आहे, ते करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण मला सांगायचे आहे ते असे की, आबांचे मागच्या दोन वर्षांचे संदेश कोणीही वर सरकवून पाहिले असते, तर त्यांत सकाळचे फूल, जोडलेले हात, एकादशीच्या शुभेच्छा आणि मयतीच्या बातमीखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' याशिवाय काहीही सापडले नसते. असा माणूस मतदानाच्या दिवशी सकाळी अचानक गावाला अश्लील शिवी का देईल, हा प्रश्न कोणाच्याही मनात का आला नाही?

हे चित्रच फोनमधून काढून टाकावे, असेही काहींनी मला सुचवले. दिल्लीतील एका वकिलांनी डिसेंबर 2017 मध्ये व्हॉट्सॲपला तशी नोटीस पाठवून 15 दिवसांची मुदत दिली होती, तरी ते चित्र आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहेच. इमोजी ही कल्पना जपानची. 1999 साली तिथल्या एका मोबाइल कंपनीने 176 छोट्या चित्रांचा संच काढला. आता कोणती चित्रे सगळ्या फोनमध्ये असावीत हे युनिकोड ही जागतिक मानक ठरवणारी संस्था ठरवते, आणि मधले बोट तिच्या 2014 च्या आवृत्तीत आले. गावगटाला ते घालवता येणार नाही. त्याच्याशी कसे वागायचे एवढे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, गटाच्या माहितीत जिथे तुम्ही 'राजकीय पोस्ट टाकू नये' असे लिहिता, तिथेच एक ओळ लिहा की मधले बोट ताठ केलेला हात ही लैंगिक शिवी आहे आणि ती या गटावर चालणार नाही. 'आक्षेपार्ह चिन्हे' असे मोघम लिहू नका, कारण आबांना आक्षेपार्ह कोणते ते त्या शब्दावरून कळणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच अहिराणीत बोलून आवाजी संदेश टाका. कोणाकडून ते चित्र आले तर आधी पुसा, मग त्या माणसाला फोन करून विचारा; गटावर जाहीर विचारू नका, कारण चुकून पाठवणाऱ्याची शोभा होते आणि मुद्दाम पाठवणाऱ्याला तमाशा मिळतो. चूक निघाली तर 'वर दाखवणारे बोट त्याच्या आधीचे आहे' एवढे सांगून विषय संपवा. मुद्दाम केलेले निघाले, आणि विशेषतः ते एखाद्या मुलीवर किंवा बाईवर रोखलेले असेल, तर तो कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या हे न पाहता त्याला जाब विचारा, तिची माफी मागायला लावा, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच गटावर द्या. प्रश्न बोटाखाली दाबला गेला असेल तर नुसत्या माफीने काम पुरे होत नाही.

आमच्या गावगटाच्या ॲडमिनना मी हे प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा पाजला, पाहतो म्हणाले. आबांनी मला पुन्हा तो विषय काढू नको म्हणून बजावले आहे, कारण आपल्यासाठी सुनेने कोणापुढे विनवणी करावी हे त्यांना पटत नाही. तरीही मी हे पत्र लिहिते आहे. केळीचा भाव पाहण्यासाठी ते आजही रोज दिवेलागणीला आमच्या ओट्यावर येतात आणि माझा फोन मागून घेतात. भाव पाहून झाला की खाली सरकवून मयतीची बातमी नाही ना, तेवढे पाहतात, आणि चित्रांच्या पानाला हात न लावता फोन परत देतात. त्यांचा नंबर बदललेला नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव